पाळकबाबांनी मागितलेलं पाणी

आमच्या पाळकबाबांना कुणाच्याही घरी गेलं की तहान लागायची. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं, खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली, की पहिलं वाक्य ठरलेलं, "माय, पाणी दे बरं." शेजारच्या घरी आत्ताच पाणी पिऊन आलेले असोत, थंडीचे दिवस असोत, बाहेर पाऊस कोसळत असो, तहान असायचीच. कुणी मुद्दाम घासून ठेवलेला काचेचा पेला पुढे केला तर तो बाजूला ठेवायला सांगायचे आणि घरातली लेकरं ज्यानं पितात ते पोचे पडलेलं जर्मनचं भांडं मागून घ्यायचे. भांडं तोंडाला लावून, डोळे मिटून सावकाश प्यायचे.

नव्या माणसाला याचं हसू यायचं. बाहेरगावचा एक प्रचारक त्यांच्याबरोबर सगळ्या आळीत फिरून आला आणि मला म्हणाला, "तुमच्या पाळकांच्या पोटात आड आहे की काय?" मला हसू आलं नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं कुणीच हसलं नसतं. त्या तहानेच्या आधी काय घडलं होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी हिंगोलीला आले ती मिशनच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून. वय विशीच्या थोडं पुढे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच नवरा तापानं गेला होता आणि त्याच्या मागोमाग माझी तान्ही मुलगी. तिचं नाव मी कुणाला सांगत नसे. शाळेत रोज सकाळी मुलींकडून प्रार्थना म्हणवून घेणं हे माझं कामच होतं, म्हणून ती मी म्हणवून घेई. माझे ओठ हलत. आत काही हलत नव्हतं. जन्मानं ख्रिस्ती होते, मिशनच्या आवारातच वाढले होते. देवाला सोडायचं म्हटलं तरी जायचं कुठे, हे मला ठाऊक नव्हतं.

आमचं आवार छावणीच्या कडेला होतं. दगडी देऊळ, आम्ही प्रार्थनेच्या जागेला देऊळच म्हणायचो, शेजारी कौलारू शाळा, एक मोठा लिंब, दवाखान्याच्या दोन खोल्या, आणि पलीकडे कयाधूची वाळू. उन्हाळ्यात नदी आटली की बायका वाळूत झिरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरत. राज्य निजामाचं, कचेरीचा कारभार उर्दूत. पण आमच्या आवारात त्याचा संबंध क्वचित यायचा.

पाळकबाबा जन्मानं धनगर. सेनगावकडच्या माळावर त्यांच्या घरची मेंढरं असायची. तरुणपणी कड्यावरून पडून पाय मोडला, मिशनच्या दवाखान्यात कितीतरी दिवस पडून राहावं लागलं, आणि तिथे ऐकलेली सुवार्ता त्यांच्या मनाला लागली. बाप्तिस्मा घेतला, घर सुटलं, पुढे शिकून पाळक झाले. उंच, हाडकुळे, चालताना किंचित लंगडायचे. उपदेशाला उभे राहिले की पांढऱ्या कोटावर घोंगडी असायचीच. उपदेश शुद्ध पुस्तकी भाषेत करायचे, पण खाली उतरले की माळावरची बोली. "मेंढरू शबूद न्हाई वळखत, हाक वळखतं," असं म्हणायचे. त्यांचा आवाजही तसाच होता, एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर पोचेल असा.

मी आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. शिस्तीचे फार कडक. कुणी दारू प्यालं, कुणी जत्रेत नवस फेडला, की त्याला मंडळीपुढे उभं करून बोलायचे. पापी माणसाचं वर्णन ते असं करायचे की ऐकणारा मान खाली घालायचा आणि मनात म्हणायचा, हे शेजारच्याविषयी चाललंय. त्या दिवसांत त्यांच्या हातात कायम एक पितळेचा तांब्या असायचा. कुणाच्या घरी भेटीला गेले की सोबत तांब्या. घरच्या बाईनं पाणी आणलं की तांब्या दाखवून म्हणायचे, "पोटाची तकलीफ हाये माय, दुसरं पाणी बाधतं." बायका बिचाऱ्या हळहळायच्या. राहेलआजी नावाची एक म्हातारी होती, नदीकडच्या आळीत राहणारी. ती तर त्यांच्या पोटासाठी सुंठ-ओव्याचा काढा करून आणून द्यायची आणि रिकामं भांडं न्यायला पुन्हा यायची.

नदीकडची आळी म्हटलं म्हणजे हेही सांगायला हवं. आमच्या मंडळीत दोन आळ्या होत्या, एक नदीकडची आणि एक सडकेकडची. दोन्हीकडचे वाडवडील गावकुसाबाहेरचे. पण त्या बाहेरच्यांतही सडकेकडची आळी नदीकडच्यांना खालचं मानायची. सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, नावं शास्त्रातली ठेवली गेली, तरी हे मागे राहिलं नव्हतं. देवळात सडकेकडचे उजवीकडे बसत, नदीकडचे डावीकडे. प्रभुभोजनाचा, सगळ्यांनी तोंड लावायचा एकच प्याला आधी उजवीकडे फिरे. तो डावीकडे आला की परत उजवीकडे जात नसे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. बाबांना दिसत होतं, मला दिसत होतं, मिशन चालवणाऱ्या परदेशी मिस्साहेबांना दिसत नव्हतं.

मिस्साहेबांना एवढंच जाणवायचं की मंडळी थंड पडली आहे. म्हणून एका वर्षी त्यांनी संजीवनाच्या सभा ठेवल्या. लांबून नावाजलेले उपदेशक आले, लिंबाखाली मांडव पडला, पेटी वाजली. लोक ढसाढसा रडले. मांडव उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आडावर घागरी लावण्यावरून दोन्ही आळ्यांची अशी जुंपली की एकीचा हात मोडला. बाबांनी त्या रविवारी शांततेवर उपदेश केला. उपदेश चांगला होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. राहेलआजीचा एकुलता मुलगा योहान, गवंडीकाम करणारा, हसतमुख. देवळाची पडलेली भिंत त्यानंच पुन्हा उभी केली होती. सकाळी कामावर निघालेला योहान दुपारपर्यंत ओळखू येईना असा झाला. डोळे खोल गेले, हातापायांची कातडी पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला मदतीला सोबत नेलं होतं, म्हणून मी तिथे होते. बाबा उन्हातून चालत आले, उशाशी उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. त्यांना घाम फुटलेला पाहून राहेलआजी सवयीनं पाणी आणायला उठली. बाबांनी सवयीनं तांब्या दाखवला.

योहान ते पाहत होता. बोलायला त्याच्यात जीव नव्हता, तरी तो म्हणाला, "बाबा, मला तुमच्या तांब्यातलं द्या."

बाबा थबकले. मग म्हणाले, "ओंजळ कर." आजीनं मुलाचे हात धरून ओंजळ केली आणि बाबांनी उभ्यानंच, वरून, पाण्याची धार सोडली. निम्मं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. उरलेलं तो प्याला. दिवस कलायच्या आत तो गेला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पटकीचा रोगी, जपायला हवं. आणि वरून पाणी ओतणं आम्ही गावागावातल्या आडांवर रोज पाहत होतो. डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की ते दिसतच नव्हतं.

योहानला माती दिल्यावर बाबा घरी गेले नाहीत. देवळात गेले आणि दार ओढून घेतलं. त्यांची बायको, तिला आम्ही सगळे आई म्हणायचो, दाराशी भाकर ठेवायची आणि तशीच परत न्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "पालथे पडून ऱ्हायले जमिनीवर. बोलत न्हाईत. मी आत गेले तं म्हनले, मला हात लावू नको." साथीत गेलेल्या माणसाचा धक्का बसला असेल, असं आम्हाला वाटलं. मिस्साहेबांना वाटलं, त्यांनाही रोग लागला.

रविवारी घंटा झाली. उजवीकडचे उजवीकडे, डावीकडचे डावीकडे बसले. बाबा आले ते कोट न घालता, अनवाणी, हातात तांब्या घेऊन. दाढी वाढलेली. गीत सांगितलं नाही, शास्त्र उघडलं नाही. चौथऱ्यावर उभे राहिले आणि पहिल्यांदाच तिथून माळावरच्या बोलीत बोलले.

"आज उपदेश न्हाई. मला एक सांगायचं हाये. माह्या पोटाला काई तकलीफ न्हाई. कवाच नव्हती. मी जलमलो त्या घरात तुमची सावली पडली तरी आंगूळ करावी लागायची. बाप्तिस्म्याच्या पान्यात मी सगळा बुडून वर आलो, पन तुमच्या घरचं पानी माह्या गळ्याखाली उतरत नव्हतं. म्हून हा तांब्या. राहेलमायनं दिलेले काढे मी लिंबाच्या बुडात ओतले. योहाननं मरताना माह्याकडं पानी मागितलं. त्यानं काहून मागितलं ते मला कळलं व्हतं. आन तरीबी मी वरून ओतलं."

ते थांबले. मग पुन्हा, हळू आवाजात, जणू स्वतःलाच पटवत असावेत तसे म्हणाले, "मी वरून ओतलं."

बाबा चौथऱ्यावरून खाली उतरले, तांब्या जमिनीवर ठेवला आणि डावीकडच्या बायकांपुढे येऊन उभे राहिले. "राहेलमाय," ते म्हणाले, "मला तुह्या घरचं पानी देशील का? न्हाई म्हनलीस तरी बराबर हाये."

आजी उठली. कुणाकडे न पाहता, पदर सावरून बाहेर निघून गेली.

ती गेली असंच सगळ्यांना वाटलं. मुलगा पुरून आठवडा झाला नव्हता. कोणत्या बाईनं थांबावं? बाबा हात जोडून तिथेच उभे. कुणी उठलं नाही, कुणी खाकरलं नाही. दारातून ऊन आत येत होतं, वाऱ्यानं लिंबाची पानं सळसळत होती. मला वाटलं, हे असंच संपणार. आता हा माणूस इथून निघून जाईल आणि आमचं देऊळ ओस पडेल.

मग दारात आजी दिसली. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेलं जर्मनचं भांडं धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत येत होती. नर्सबाई अर्धवट उठल्या. साथ अजून पुरती गेली नव्हती आणि ते भांडं कुणाचं हे त्यांना ओळखू आलं होतं. पण आजीचा चेहरा पाहून त्या खाली बसल्या.

आजी बाबांपुढे उभी राहिली. "हे माह्या योहानचं भांडं हाये," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं बाबा. पोरालाबी ठावं व्हतं. तुमी कवा सांगता, याची वाट पाहून ऱ्हायलो व्हतो आमी."

बाबा गुडघ्यांवर आले. तिनं भांडं त्यांच्या हातात दिलं नाही. लेकराला पाजावं तसं स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडाला लावलं. ते प्याले. पाणी त्यांच्या दाढीवरून ओघळलं आणि आजीनं ते पदरानं पुसलं.

पुढे जे झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. एवढं आठवतं की उजवीकडून दावीद मिस्त्री उठले, सडकेकडच्या आळीतले सगळ्यांत वडीलधारे, प्याला ज्यांच्यापासून सुरू व्हायचा ते. देवळाच्या मधोमध मोकळी वाट असायची, ती ओलांडून आले, आजीपुढे बसले आणि त्यांनी ओंजळ केली नाही. तोंड वर केलं. भांड्यात राहिलेलं पाणी आजीनं त्यांना पाजलं. मग माणसं उठत गेली. पेटी नाही, उपदेशक नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. बोललेलं आठवतं ते अगदी साधं. एकीनं दुसरीचा, आडावरच्या भांडणात मोडलेला हात धरून ठेवला होता. एका पुरुषानं मिशनच्या गोठ्यावरून चोरलेली कौलं आपल्या छपरावर असल्याचं सांगितलं. दोन सख्ख्या जावा, कित्येक वर्षं एकमेकींशी न बोललेल्या, एका कोपऱ्यात बसून हलक्या आवाजात बोलत होत्या आणि मधेच हसत होत्या. मिस्साहेब भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना बोली नीट समजत नव्हती, पण त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. संध्याकाळच्या उपासनेला पाहते तर उजवं-डावं उरलं नव्हतं. जो जिथे येईल तिथे बसला होता.

ते दिवस कितीतरी चालले. शेतातून, दळणावरून माणसं थेट देवळात येत. हट्ट्याकडून, आखाडा बाळापूरकडून लोक पायी आले, हे काय चाललंय ते पाहायला. आले तसे परत गेले नाहीत. पवित्र आत्मा वाऱ्यासारखा येतो असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. वारा कसा असतो ते तेव्हा पाहिलं. मला भीती वाटायची. आपण उभे आहोत ती जमीन दुसऱ्याच कुणाची आहे, अशी ती भीती होती.

बाबांचा उपदेशही बदलला. पाप्याचं वर्णन संपलं. एकच वाक्य ते पुन्हापुन्हा सांगायचे, आणि आमच्याकडे लेकरांनाही ते पाठ होतं: "देव वरून ओतत न्हाई, खाली उतरून पाजतो." आणि दर रविवारी उपदेशाआधी चौथऱ्यावरून खाली येऊन विचारायचे, "माह्यावर कुनाचा राग हाये का?" विचारून खरोखर थांबायचे. एकदा एक पोरगी उठून म्हणाली की तुम्ही माझ्या बापाला सगळ्यांसमोर दारुडा म्हणालात. त्या दिवशी उपदेश झालाच नाही. बाबा तिचा हात धरून तिच्या घरी गेले आणि बापाची माफी मागून, पाणी पिऊन आले.

या सगळ्यात मी कोरडी होते. देऊळच्या देऊळ रडत होतं, आणि मी शेवटच्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसायची. मला वाटायचं, सगळ्यांना काहीतरी मिळालं, मलाच वगळलं. एका रविवारी त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी उठले नाही, पण उपासना संपल्यावर त्यांना गाठून म्हणाले, "बाबा, माझा राग आहे. तुमच्यावर नाही, देवावर."

मला वाटलं, दचकतील. ते दचकले नाहीत. म्हणाले, "मग त्यालाच सांग. मला सांगून काय व्हनार?"

"तो ऐकतो असं वाटत नाही."

"तेबी त्यालाच सांग," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मी आन ही, आमी दोघं बसतो तुह्यासंगं. बोलायचं तुह्या तू."

त्यानंतर शाळा सुटली की आम्ही तिघं देवळात बसायचो. मी भिंतीशी, आई दाराजवळ सुपात जोंधळे निवडत, आणि बाबा चौथऱ्याच्या पायरीवर चातीवर लोकर कातत. धनगराचा हात रिकामा राहत नाही. कुणी काही विचारायचं नाही. पहिले दिवस मला ओशाळं वाटलं, मग कंटाळा आला, मग चीड आली. हा माणूस काहीतरी म्हणेल, शास्त्रातलं एखादं वचन सांगेल, मग मी त्याला उत्तर देईन, असं मी ठरवून ठेवलं होतं. ते बोलतच नव्हते. चातीचा आवाज तेवढा यायचा.

आणि एका दुपारी मी माझ्या मुलीचं नाव उच्चारलं. शांता. ती गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. एकदा पडलं आणि मग बाकीचं सगळं आलं. मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही. देवाशी असं बोलतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ओरडले असेन, कारण आई सूप ठेवून माझ्याजवळ येऊन बसली होती. नंतर थकून गप्प झाले. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. बाहेर शाळेच्या आवारात मुली खेळत होत्या, आणि त्यांचा कलकलाट मला ऐकू आला. रोजच होत असणार तो. मला मात्र कितीतरी वर्षांनी ऐकू येत होता. मी तिथेच, भिंतीला डोकं टेकून, पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. शब्द थोडेच होते. मी शांताला देवाच्या हाती दिली.

बाबांची चाती थांबली होती. ते एवढंच म्हणाले, "आता तुमा दोघायची वळख झाली."

त्या वर्षी पीक निघाल्यावर बाबा सेनगावकडे गेले, आपल्या थोरल्या भावाच्या मेंढवाड्यावर. घर सुटल्यापासून दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. परत आले ते हसत आले आणि आम्हाला सगळं सांगितलं. भावानं त्यांना मेंढरांच्या कुंपणाबाहेरच बसवलं. भावजयीनं पाणी आणलं, आणि हे बाटलेले म्हणून लांब उभी राहून यांच्या ओंजळीत वरून धार सोडली. आई ऐकून रडायला लागली. बाबा म्हणाले, "रडू नको. ते पानी मला प्यायचंच व्हतं. लई ग्वाड लागलं." मग ते दर वर्षी जाऊ लागले. जायचे, कुंपणाबाहेर बसायचे, भावाशी पावसापाण्याचं, मेंढरांच्या रोगाचं बोलायचे आणि परत यायचे. येशूचं नाव काढलं का, असं कुणीतरी विचारलं. "काढायला लागतं व्हय?" एवढंच म्हणाले.

निजामाच्या राजवटीचं शेवटचं वर्ष फार वाईट गेलं. खेड्यापाड्यांत हत्यारबंद टोळ्या फिरत, घरं जळत, कोण कुणाचा वैरी हे सांगता येत नव्हतं. त्या उन्हाळ्यात एक दिवस कयाधूच्या वाळूतून मेंढरांचा कळप येताना दिसला आणि मागे घोंगड्या पांघरलेली माणसं. बाबांचा थोरला भाऊ वाडा सोडून, बायकापोरं घेऊन आसऱ्याला आला होता. बाबा लंगडत नदीपर्यंत गेले. देवळाच्या आवारात मेंढरं बसली, देवळात माणसं निजली. पाठोपाठ आणखी माणसं आली, जातीची, धर्माची चौकशी करायला वेळ नव्हता. काही लेकरं एकटीच आली. कुणाचे आईबाप वाटेत चुकले होते, कुणाचे पुन्हा येणारच नव्हते. ती लेकरं माझ्या शाळेच्या खोलीत निजू लागली.

थोरले भाऊ ख्रिस्ती झाले नाहीत. उपासनेच्या वेळी काठी टेकून दारात बसायचे आणि ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "आमचा हा पहिलं लई ताठ व्हता. घरी व्हता तवाबी ताठ, गेला तवाबी ताठ. याला कोनं मोडलं?" मी त्यांना राहेलआजी दाखवली. आजी तेव्हा फार थकली होती, लिंबाखाली बसून त्यांच्याच नातवाला भाकर चारत होती. भाऊ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या घरच्या बायका आमच्या बायकांबरोबर आडावर जाऊ लागल्या.

राजवट बदलली, रस्ते मोकळे झाले, माणसं आपापल्या गावी परतली. एकट्या लेकरांना मात्र परतायला गाव नव्हतं. त्यांच्यासाठी परभणीला घर उघडायचं ठरलं आणि ते मी चालवावं असा निरोप आला. मला धीर होईना. एक लेकरू मला जगवता आलं नव्हतं, मी एवढी कशी सांभाळणार? बाबा तेव्हा खोकल्यानं खंगले होते, अंगावर दोन घोंगड्या घेऊन उन्हात बसायचे. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. विचारलं, "लेकरं तुला काय म्हनतात?"

"माय म्हणतात."

"मग मला काहून इचारतीस?"

थंडीच्या दिवसांत सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. सगळी मंडळी स्टेशनवर आली होती. लेकरं डब्यात चढवून झाली, ट्रंका चढल्या. नको म्हणत असताना बाबाही आले होते, दावीद मिस्त्रींच्या खांद्याचा आधार घेत. मी त्यांच्यासमोर मान वाकवली, त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा म्हणून. हात पडला नाही. मी वर पाहिलं तर बाबा फलाटाच्या फरशीवर गुडघे टेकत होते. "आज तू कर," म्हणाले. "माह्यासाठी तू प्रार्थना कर."

आमच्यात बाईनं मंडळीपुढे मोठ्यानं प्रार्थना करायची रीत नव्हती. मी कधीच केली नव्हती. आणि तिथे फक्त मंडळी नव्हती. हमाल होते, बाजाराला निघालेली माणसं होती, डब्याच्या खिडक्यांतून बघणारे प्रवासी होते. ज्या माणसाच्या हातून आमच्यापैकी कित्येकांचा बाप्तिस्मा झाला, तो माझ्यासमोर उघड्या डोक्यानं गुडघ्यांवर होता. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ आणि मऊ झाले होते, अंगाला लोकरीचा वास येत होता. मी डोळे मिटले आणि बोलले.

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. ते गेल्याचं मला परभणीला कळलं. थोरल्या भावानं आणि मंडळीनं मिळून त्यांना खांदा दिला, योहानच्या शेजारी माती दिली. मला जाता आलं नाही, दोन लेकरं तापानं फणफणली होती. लेकरांच्या उशाशी बसून मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, मोठ्यानं. ती दोन्ही जगली. नंतर अशा किती लेकरांच्या उशाशी बसले असेन.

त्या सकाळी फलाटावर मी काय म्हटलं, त्यातला एकही शब्द आता आठवत नाही. बाबांचं "आमेन" मात्र आठवतं. खोकल्यानं पोखरलेल्या त्या छातीतून ते असं आलं की हमालांनी ओझी खाली ठेवली, गार्डनं उचललेली झेंडी तशीच धरून ठेवली, आणि सगळा फलाट वळून आमच्याकडे बघत राहिला.